किरणोत्सारी जड धातू शरीरात गेल्यावर : उपचारांचे टप्पे आणि औषधांची निवड

प्लुटोनियम, अमेरिसियम, युरेनियम, पोलोनियम यांसारखा किरणोत्सारी धातू श्वासातून, तोंडातून किंवा जखमेतून शरीरात शिरला, तर उपचारांचा बराचसा भाग पहिल्या काही तासांतच ठरतो. या तासांत हाताशी असलेली माहिती मात्र नेहमीच अपुरी असते : नेमका कोणता धातू, किती प्रमाणात आणि कोणत्या रासायनिक रूपात गेला हे प्रयोगशाळा सांगेपर्यंत दिवस उलटतात आणि तोवर धातू रक्तातून निघून हाडांत, यकृतात किंवा मूत्रपिंडात जाऊन बसलेला असतो. त्यामुळे येथील वैद्यकाला खात्री होईपर्यंत थांबण्याची मुभा फारशी नसते आणि सबळ संशयावर, पण योग्य औषधाने, सुरुवात करावी लागते. ‘योग्य औषधाने’ हे शब्द तितकेच महत्त्वाचे आहेत, कारण एका धातूवर गुणकारी ठरणारे औषध दुसऱ्यावर निरुपयोगी आणि कधी कधी अपायकारकही ठरते. हा लेख अपघात विभागातील डॉक्टर, परिचारिका आणि किरणोत्सार सुरक्षेचे काम पाहणारे यांच्यासाठी आहे. येथे दिलेल्या मात्रा प्रचलित मार्गदर्शक सूचनांमधील असल्या तरी प्रत्यक्ष रुग्णाबाबतचा निर्णय किरणोत्सार वैद्यकातील तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यायचा आहे. यातील कोणतेही औषध घरच्या घरी घेण्यासारखे नाही.

आधी कोणत्या प्रकारचा रुग्ण आहे ते ओळखावे

बाहेरच्या स्रोतातून किरणांचा मारा झालेला रुग्ण, अंगावर किरणोत्सारी धूळ असलेला रुग्ण आणि ती धूळ शरीराच्या आत गेलेला रुग्ण अशा तीन अवस्था असतात. पहिल्या अवस्थेतील रुग्ण स्वतः किरणोत्सारी होत नाही. दुसऱ्याची धूळ धुऊन काढता येते. तिसऱ्याच्या शरीरात मात्र स्रोत चोवीस तास मुक्कामाला असतो आणि तो बाहेर पडेपर्यंत किंवा विघटित होईपर्यंत ऊतींना किरणांचा डोस देत राहतो. या तिन्ही अवस्था एकाच रुग्णात एकत्र असू शकतात.

जड धातूंपैकी अनेक अल्फा कण सोडणारे आहेत. अल्फा कण ऊतीत एका मिलिमीटरच्या दशांशापेक्षाही कमी अंतर जातो आणि त्वचेवरच्या मृत पेशींचा थरही त्याला अडवतो. म्हणून तळहातावर पडलेला अल्फा स्रोत फारसा घातक नसतो, पण तोच फुप्फुसाच्या अस्तराला किंवा अस्थिमज्जेलगत चिकटला की त्याची सगळी ऊर्जा शेजारच्या मोजक्या पेशींत उतरते. निदानही याच गुणधर्मामुळे अवघड होते. अल्फा कण शरीराबाहेर येतच नसल्यामुळे नेहमीचा गामा मोजणारा मापक रुग्णावरून फिरवला, तरी तो शांत राहू शकतो. लंडनमध्ये रशियाचे माजी गुप्तचर अधिकारी अलेक्झांडर लिटविनेंको 1 नोव्हेंबर 2006 रोजी आजारी पडले, तेव्हा वैद्यकांना आधी थॅलियमच्या विषबाधेचा संशय आला. पोलोनियम-210 असल्याचे लघवीच्या विशेष तपासणीतून निश्चित झाले, तेव्हा 23 नोव्हेंबर उजाडला होता आणि त्याच दिवशी त्यांचा मृत्यू झाला. उलट्या, केसगळती आणि घसरत जाणाऱ्या पांढऱ्या पेशी हे चित्र एकत्र दिसत असताना गामा मापक गप्प आहे, एवढ्यावरून अंतर्गत संदूषण, म्हणजे शरीरात किरणोत्सारी पदार्थ, नाही असे म्हणता येत नाही.

पहिला टप्पा : जीव आधी, किरणोत्सार नंतर

श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, रक्तस्राव, भाजलेले भाग यांकडे अन्य कोणत्याही अपघातग्रस्ताप्रमाणेच आधी पाहावे. अंग धुऊन झाल्याशिवाय रुग्णाला हात लावायचा नाही हा हट्ट रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो आणि त्याला कोणताही वैज्ञानिक आधार नाही. अंतर्गत संदूषण झालेला रुग्ण त्या क्षणी सहसा धडधाकट असतो, त्याचा धोका पुढच्या वर्षांतला असतो. रक्तस्राव मात्र काही मिनिटांत प्राण घेऊ शकतो. दुहेरी हातमोजे, गाऊन, मास्क, डोळ्यांचे संरक्षण आणि छातीवर डोसमापक एवढी तयारी असली की अशा रुग्णाजवळ काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला मिळणारा डोस सहसा अत्यल्प असतो. बाहेरचा हातमोजा वारंवार बदलावा, कारण संदूषण पसरते ते बहुधा हातांमुळेच.

दुसरा टप्पा : कपडे, नाक, त्वचा, आणि हाच क्रम

अंगावरचे कपडे सावकाश, आतली बाजू बाहेर येईल अशा रीतीने गुंडाळत काढून पिशवीत बंद केले, तर बाहेरचे बहुतांश संदूषण त्याबरोबरच निघून जाते. पिशवीवर नाव, वेळ आणि जागा लिहावी. ते कपडे नंतर धातू ओळखण्याच्या कामी येतात, म्हणून ते फेकून देऊ नयेत.

तोंड धुण्याआधी आणि रुग्णाने नाक शिंकरण्याआधी नाकातील नमुने घ्यावेत. घाईत हे काम नेमके निसटते. निर्जंतुक पाण्याने किंचित ओलसर केलेला कापसाचा बोळा एका नाकपुडीत हलकेच फिरवावा, दुसऱ्या नाकपुडीसाठी दुसरा बोळा घ्यावा, दोन्ही वेगवेगळ्या नळ्यांत ठेवून डावा-उजवा आणि वेळ लिहावी. घटनेनंतर साधारण तासाभरात घेतलेल्या नमुन्याला अर्थ असतो, कारण नाकाच्या पुढच्या भागातील कण लवकर साफ होतात. दोन्ही नाकपुड्यांत जवळपास सारखा किरणोत्सार सापडला, तर कण श्वासातून गेल्याची शक्यता मोठी. एकाच बाजूला भरपूर आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ काहीच नाही असे दिसले, तर संदूषित बोट नाकाला लागले असावे किंवा ती नाकपुडी चोंदलेली असावी. नमुना स्वच्छ आला म्हणून श्वासातून काही गेले नाही असे मात्र समजू नये, कारण धापा टाकत तोंडाने श्वास घेणाऱ्या माणसाच्या नाकात काही उरतच नाही.

त्यानंतर त्वचा कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावी. गरम पाण्याने रक्तपुरवठा वाढतो, खरखरीत ब्रशने त्वचा सोलवटते आणि बाहेर राहिला असता तो धातू आत जाण्यास वाट मिळते. दोन-तीन धुण्यांनंतरही आकडा उतरत नसेल, तर तेथेच थांबावे. त्वचा लाल होईपर्यंत घासण्याने काहीही साधत नाही. अल्फा मापक त्वचेपासून अर्धा ते एक सेंटिमीटर अंतरावर आणि अगदी संथ फिरवावा. त्वचा ओली असेल किंवा तिच्यावर रक्ताचा पातळसा थर असेल, तर अल्फा कण त्यातच अडतात आणि मापक खोटा दिलासा देतो.

तिसरा टप्पा : कोणता धातू, कोणत्या वाटेने, कोणत्या रूपात

यासाठी प्रयोगशाळेच्या आधी घटनास्थळाला विचारावे. त्या ठिकाणी कोणता पदार्थ हाताळला जात होता, तो द्रव होता की भुकटी, ऑक्साइड होता की नायट्रेट, आग किंवा स्फोट झाला का, हवेतील नमुन्यांचे आकडे काय आहेत, ही माहिती तासाभरात मिळू शकते आणि औषधाची निवड तिच्यावरच होते.

रासायनिक रूपाचे महत्त्व एका उदाहरणावरून दिसते. प्लुटोनियम नायट्रेट श्वासातून गेले, तर त्याचा मोठा भाग काही दिवस-आठवड्यांत रक्तात उतरतो, त्यामुळे रक्तात काम करणाऱ्या औषधाला त्यावर पकड घेता येते. उच्च तापमानात तयार झालेले प्लुटोनियम ऑक्साइड मात्र जवळजवळ न विरघळता फुप्फुसात आणि तेथील लसिका ग्रंथींत वर्षानुवर्षे पडून राहते, आणि शिरेतून दिलेल्या औषधाला ते सापडतच नाही. हेच प्लुटोनियम गिळले गेले, तर आतड्यातून रक्तात जाणारा भाग एका टक्क्याच्याही कितीतरी कमी असतो आणि उरलेले शौचावाटे निघून जाते. सीझियम याच्या अगदी उलट वागते, ते गिळले तर जवळजवळ पूर्णपणे शोषले जाते. म्हणून ‘किती किरणोत्सार आत गेला’ या प्रश्नाला ‘कोणत्या वाटेने’ हे कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

औषधाची पहिली मात्रा देण्यापूर्वी लघवीचा एक नमुना घ्यावा, पण त्यासाठी औषध अडवून धरू नये. रुग्णाला लघवी होतच नसेल, तर आधी औषध द्यावे. त्यानंतर 24 तासांची पूर्ण लघवी काही दिवस सलग गोळा करावी आणि श्वासातून किंवा तोंडातून धातू गेला असल्यास शौचही गोळा करावे. फुप्फुसावर मोजणी करायची झाल्यास प्लुटोनियमबरोबर बहुधा असणारे अमेरिसियम-241 मदतीला येते. त्याची सुमारे 60 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची गामा किरणे शरीराबाहेर पडतात, ती मोजून मिश्रणाच्या ज्ञात प्रमाणावरून प्लुटोनियमचा अंदाज बांधता येतो.

चौथा टप्पा : उपचार करायचे की नाही

सर्वांना सरसकट औषध देणे हा उपाय नव्हे. अमेरिकेच्या किरणोत्सार संरक्षण परिषदेने 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 161 क्रमांकाच्या अहवालात यासाठी एक मापदंड सुचवला आहे : जेवढा धातू आत गेल्याने प्रौढ व्यक्तीला 50 वर्षांत एकूण 0.25 सिव्हर्ट (किरणांच्या डोसचे एकक, 1 सिव्हर्ट म्हणजे 1000 मिलिसिव्हर्ट) परिणामी डोस मिळेल, त्या प्रमाणाशी प्रत्यक्ष प्रमाण पडताळून पाहावे. मुले आणि गर्भवती यांच्यासाठी हीच मर्यादा एक-पंचमांश धरावी. युरोपीय सूचनांमध्ये साधारणपणे 20 मिलिसिव्हर्टच्या खाली उपचारांची गरज मानलेली नाही, 20 ते 200 च्या दरम्यान डॉक्टरांनी विचार करावा आणि 200 च्या वर उपचार सुरू करावेत, असा विभाग आहे.

हे आकडे उपयोगी असले तरी पहिल्या तासांत ते हाती नसतात. माझ्या मते व्यवहार्य मार्ग असा : घटनेचे स्वरूप, नाकाचे नमुने आणि हवेतील मोजणी यांवरून मर्यादा ओलांडली जाण्याची वाजवी शक्यता दिसत असेल आणि औषधाची पहिली मात्रा रुग्णाला सहसा सोसणारी असेल, तर ती द्यावी. पुढच्या मात्रा मोजणीवर सोडाव्यात. निरोगी प्रौढाला डीटीपीएची (प्लुटोनियमसारख्या धातूला बांधून लघवीवाटे बाहेर नेणाऱ्या औषधाची) एक मात्रा विनाकारण दिली गेली, तर होणारे नुकसान किरकोळ असते. गरज असलेल्याला ती दोन दिवस उशिरा मिळाली, तर गमावलेले परत मिळवता येत नाही. पोलोनियमसाठी विचारात घेतल्या जाणाऱ्या डायमरकॅप्रॉलसारख्या औषधाला मात्र हा हिशेब लागू होत नाही, हे पुढे येईलच.

पाचवा टप्पा : प्लुटोनियम, अमेरिसियम, क्युरियम यांसाठी डीटीपीए

डीटीपीए हा रेणू धातूच्या आयनाला अनेक बाजूंनी एकदम पकडतो आणि तयार झालेले संयुग मूत्रपिंडातून गाळले जाऊन लघवीवाटे बाहेर पडते. औषध कॅल्शियम किंवा जस्त सोबत घेऊन येते आणि प्लुटोनियमसारखा अधिक घट्ट बांधला जाणारा धातू भेटला की सोबतचा धातू सोडून देते. ते पेशींच्या आत फारसे शिरत नाही, रक्तात आणि पेशींबाहेरील द्रवात फिरते आणि दिवसभरात जवळजवळ सर्वच शरीराबाहेर जाते. त्याच्या गुणांचे आणि मर्यादांचे मूळ यातच आहे. प्लुटोनियम रक्तात असेपर्यंत औषधाची पकड चांगली असते. ते एकदा हाडाच्या पृष्ठभागावर किंवा यकृताच्या पेशींत स्थिरावले की हाडातून निम्मे होण्यास सुमारे 50 वर्षे आणि यकृतातून सुमारे 20 वर्षे लागतात, आणि डीटीपीए त्यातला अगदी थोडा भागच हळूहळू काढू शकते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2004 मध्ये कॅल्शियम-डीटीपीए आणि झिंक-डीटीपीए या दोन्ही रूपांना या तीन धातूंसाठी मान्यता दिली. पहिल्या 24 तासांत कॅल्शियमचे रूप अधिक प्रभावी ठरते. उंदरांवरील प्रयोगांत हा फरक सुमारे दहापट दिसला होता. त्यानंतर दोहोंचा प्रभाव सारखाच होतो. पण कॅल्शियमचे रूप शरीरातील जस्त, मॅग्नेशियम आणि मँगनीज यांनाही ओढून नेते. त्यामुळे पहिली मात्रा कॅल्शियमच्या रूपाची आणि दुसऱ्या दिवसापासून जस्ताच्या रूपाची, हा क्रम पाळावा. पहिल्या दिवशी कॅल्शियमचे रूप उपलब्ध नसेल, तर त्याची वाट न पाहता जस्ताचे रूप द्यावे. उलट परिस्थितीत, म्हणजे नंतर जस्ताचे रूप मिळत नसेल, तर कॅल्शियमचे रूप चालू ठेवून तोंडावाटे जस्त पुरवावे.

प्रौढांसाठी मात्रा दिवसातून एकदा 1 ग्रॅम. बारा वर्षांखालील मुलांसाठी वजनाच्या प्रत्येक किलोमागे 14 मिलिग्रॅम, पण दिवसाला 1 ग्रॅमपेक्षा अधिक नाही. एका कुपीत 5 मिलिलिटर द्रावणात 1 ग्रॅम औषध असते. ते शिरेतून तीन-चार मिनिटांत संथपणे द्यावे किंवा 100 ते 250 मिलिलिटर सलाईन, रिंगर लॅक्टेट अथवा 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळून साधारण अर्ध्या तासात सोडावे. एका दिवसाची मात्रा अनेक भागांत विभागून वारंवार देऊ नये, कारण त्याने खनिजांची उणीव आणि मळमळ, जुलाब, थंडी-ताप, स्नायूंत पेटके हे त्रास वाढतात. धातू केवळ श्वासातून आणि नुकताच गेलेला असल्यास प्रौढांना हेच औषध समान प्रमाणात निर्जंतुक पाणी किंवा सलाईन मिसळून नेब्युलायझरने देता येते. दम्याच्या रुग्णात त्याने श्वासनलिका आकसू शकतात, तेव्हा त्याच्यासाठी शिरेचा मार्गच बरा.

औषध चालू असताना रुग्णाने भरपूर पाणी प्यावे आणि वारंवार लघवी करावी. प्लुटोनियम बांधलेले संयुग मूत्राशयात साठून राहिले, तर त्या अस्तराला विनाकारण डोस मिळतो. रक्तपेशी, क्षार, जस्ताची पातळी, युरिया आणि लघवीची तपासणी नियमित करावी. मूत्रपिंड कमकुवत असेल, तर औषध बाहेर पडण्यास वेळ लागतो आणि तज्ज्ञाचा सल्ला अधिकच अगत्याचा ठरतो. शरीरात लोह अतिप्रमाणात साठलेल्या गंभीर रुग्णांना नेहमीपेक्षा कितीतरी मोठ्या मात्रा स्नायूतून दिल्यावर मृत्यू झाल्याची नोंद आहे, म्हणून हा पूर्वेतिहास आवर्जून विचारावा. गर्भवतीसाठी सुरुवातच जस्ताच्या रूपाने करावी, कारण प्राण्यांमध्ये कॅल्शियमच्या रूपाने गर्भाला अपाय झाल्याचे दिसले आहे. संदूषण अतिशय गंभीर असेल, तरच कॅल्शियमच्या एका मात्रेचा विचार जस्ताच्या पुरवठ्यासह व्हावा. स्तनपान थांबवावे, कारण धातू दुधातून उतरू शकतो.

युरेनियम आणि नेप्च्युनियम यांच्यासाठी डीटीपीए देऊ नये. ‘अणुभट्टीतला धातू आहे, तर डीटीपीए द्या’ असा सरसकट समज आढळतो, तो चुकीचा आहे. औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातच या दोन धातूंवर त्याचा उपयोग अपेक्षित नसल्याचे नमूद आहे.

दीर्घकाळ उपचार करता येतात याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतील हॅनफर्ड येथील अणुकेंद्रात 1976 मध्ये झालेल्या अपघातात मिळते. आयन-विनिमयाच्या एका स्तंभाचा (द्रावणातून धातू वेगळा करणाऱ्या नळकांड्याचा) स्फोट होऊन 64 वर्षांच्या कामगाराच्या चेहऱ्यात आम्ल, काचेचे तुकडे आणि अमेरिसियम-241 घुसले. त्याला चार वर्षांत मिळून 583 ग्रॅम डीटीपीए देण्यात आले, त्यातला बहुतांश जस्ताच्या रूपात. अपघातानंतर तो अकरा वर्षे जगला आणि 1987 मध्ये हृदयविकाराने वारला. इतक्या मोठ्या प्रमाणात दिलेले औषध शरीराने सोसले, ही नोंद आजही डॉक्टरांना धीर देते.

सहावा टप्पा : जखम असेल तर

संदूषित जखमेतून धातू थेट रक्तात किंवा लसिकांत जातो, म्हणून तिच्याकडे इतर सर्व त्वचेच्या आधी लक्ष द्यावे. आजूबाजूची त्वचा झाकून जखम भरपूर सलाईनने धुवावी, धुतलेले पाणी साठवून मोजावे आणि प्रत्येक धुण्यानंतर पुन्हा मोजणी करावी. प्लुटोनियम किंवा अमेरिसियमची शंका असेल, तर जखमेला हात लावण्यापूर्वीच शिरेतून डीटीपीएची पहिली मात्रा द्यावी, म्हणजे हाताळणीत रक्तात उतरणारा धातू औषधाला लगेच सापडतो. काचेचा किंवा धातूचा किरणोत्सारी तुकडा चिमट्यानेच काढावा, बोटाने कधीही नाही, आणि तो मोजणीसाठी जपून ठेवावा.

धुऊनही आकडा मोठा राहिला, तर तेवढा ऊतक कापून काढण्याचा प्रश्न येतो. बोटाच्या टोकावरचा लहानसा भाग कापणे सोपे, पण कण कंडरेजवळ किंवा मज्जातंतूजवळ असेल, तर पुढच्या आयुष्यातील कर्करोगाची वाढलेली शक्यता आणि आज निश्चितपणे निकामी होणारा हात यांची तुलना करावी लागते. माझा कल अशा ठिकाणी शल्यक्रियेत संयम बाळगण्याकडे आहे.

सातवा टप्पा : युरेनियम

विरघळणाऱ्या युरेनियमचा तातडीचा धोका किरणोत्साराचा नसून विषारीपणाचा असतो आणि तो मूत्रपिंडाच्या नलिकांवर कोसळतो. नैसर्गिक युरेनियमचा अर्धायुकाल अब्जावधी वर्षांचा असल्याने वजनाच्या मानाने त्याचा किरणोत्सार सौम्य असतो. रक्तात आलेल्या युरेनियमपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश पहिल्या दिवसातच लघवीवाटे जाते. नलिकांतील लघवी आम्लधर्मी असेल, तर युरेनिल (युरेनियम आणि ऑक्सिजन यांचा आयन) आणि बायकार्बोनेट यांचे संयुग तुटते आणि सुटा झालेला युरेनिल आयन नलिकांच्या पेशींना बिलगतो.

म्हणून उपचार सोपा आहे : सोडियम बायकार्बोनेट शिरेतून किंवा तोंडावाटे देऊन लघवीचा पीएच 8 ते 9 च्या दरम्यान ठेवावा. पीएच वारंवार मोजावा. बायकार्बोनेटने पोटॅशियम घसरते आणि सोडियमचा भार वाढतो, तेव्हा हृदय किंवा मूत्रपिंड आधीच दुबळे असलेल्या रुग्णात क्षारांवर कडक नजर हवी. क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने, ग्लुकोज व बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन यांची मालिका काही दिवस चालू ठेवावी. मूत्रपिंडाने काम थांबवले, तर डायलिसिसचा आधार द्यावा लागतो.

युरेनियम हेक्साफ्लोराइडची गळती हे वेगळेच प्रकरण आहे. हवेतील ओलाव्याशी संयोग होताच त्यातून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते. रुग्णाला मारणारी गोष्ट बहुधा हे आम्लच असते : फुप्फुसात पाणी साचते, त्वचा खोलवर भाजते आणि रक्तातील कॅल्शियम कोसळते. येथे कॅल्शियम ग्लुकोनेट, प्राणवायू आणि हृदयालेखावर सतत लक्ष हे आधी, युरेनियमचा विचार त्यानंतर.

आठवा टप्पा : पोलोनियम आणि इतर

पोलोनियम-210 चा अर्धायुकाल 138 दिवसांचा. ते हाडापेक्षा मूत्रपिंड, यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा यांत पसरते. डीटीपीएची त्यावर पकड नसते. गंधकाचे अणू असलेले डायमरकॅप्रॉल आणि त्याचा तोंडावाटे देता येणारा नातलग डीएमएसए यांचा विचार केला जातो, पण आधार मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांचा आहे. डायमरकॅप्रॉल खोल स्नायूत टोचावे लागते, रक्तदाब वाढवते, वेदना देते आणि शेंगदाण्याच्या तेलात बनवलेले असल्याने शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या व्यक्तीला चालत नाही. केवळ संशयावर ते देऊ नये. मोठा डोस मिळालेल्या रुग्णाचा खरा आधार म्हणजे अस्थिमज्जा दबल्यावर द्यावा लागणारा रक्तघटकांचा पुरवठा, संसर्गापासून बचाव आणि पेशी वाढवणारी औषधे.

सीझियम-137 आणि किरणोत्सारी थॅलियम यांच्यासाठी प्रशियन ब्लू. हे रंगद्रव्य आतड्यातून शोषले जात नाही. सीझियम पित्तातून आतड्यात येते आणि पुन्हा शोषले जाते, त्या फेरीत हा निळा पदार्थ त्याला पकडून शौचावाटे बाहेर नेतो. प्रौढांना दिवसातून तीनदा 3 ग्रॅम, 2 ते 12 वर्षांच्या मुलांना तीनदा 1 ग्रॅम, किमान 30 दिवस. सीझियमचा शरीरातील अर्धा काळ त्यामुळे सुमारे 110 दिवसांवरून 30 दिवसांपर्यंत उतरतो. शौचाचा रंग निळा होतो हे रुग्णाला आधीच सांगावे, बद्धकोष्ठतेवर लक्ष ठेवावे आणि पोटॅशियम मोजत राहावे. ब्राझीलमधील गोयानिया येथे सप्टेंबर 1987 मध्ये टाकून दिलेल्या किरणोपचार यंत्रातील सीझियमची कुपी फुटली, तेव्हा 249 जण संदूषित आढळले, 46 जणांना हे औषध देण्यात आले आणि चौघांचा मृत्यू झाला.

रेडियम आणि स्ट्रॉन्शियम कॅल्शियमसारखे वागून हाडात शिरतात. ते गिळले गेले असतील, तर पहिल्या तासांत अल्जिनेट, बेरियम सल्फेट किंवा अॅल्युमिनियम असलेली आम्लनाशके देऊन आतड्यातील शोषण कमी करता येते. पोटॅशियम आयोडाइडचा या लेखातील कोणत्याही धातूवर उपयोग नाही, ते फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून थायरॉइडचे रक्षण करते. धातू बांधणाऱ्या ‘इडीटीए’ या नावाखाली दोन वेगळी औषधे मिळतात हेही लक्षात ठेवावे : कॅल्शियम नसलेले डायसोडियम रूप चुकून दिले, तर रक्तातील कॅल्शियम घसरून मृत्यू ओढवू शकतो.

नववा टप्पा : फुप्फुस धुण्याचा निर्णय

न विरघळणारा धातू फार मोठ्या प्रमाणात श्वासातून गेला असेल, तर पूर्ण भूल देऊन एकेक फुप्फुस सलाईनने धुण्याचा मार्ग उरतो. यात भूल आणि प्रक्रिया या दोन्हींचा धोका असतो आणि बाहेर निघणारा धातूही मर्यादितच असतो, त्यामुळे फुप्फुसाला येत्या काही आठवड्यांतच घातक इजा होईल इतका डोस अपेक्षित असेल, तरच त्याचा विचार करावा.

दहावा टप्पा : किती दिवस चालू ठेवायचे

मोजणीनेच हे ठरते. डीटीपीए दिल्यावर लघवीतील प्लुटोनियम दहा ते शंभर पटींनी वाढू शकते. पुढच्या प्रत्येक मात्रेनंतर ही वाढ कमी होत जाते, आणि एका टप्प्यावर औषधाने काढलेला धातू इतका थोडा असतो की टाळलेला डोस उपचारांच्या त्रासाच्या मानाने नगण्य ठरतो. तेथे थांबावे. मधूनमधून औषध आठवड्यातून दोनदा किंवा एकदा करून आकडा पाहणे हा मधला मार्ग आहे, कारण हाडांतून आणि यकृतातून सुटणारा थोडासा धातू तेवढ्या अंतराने पकडता येतो. औषध चालू असताना लघवीतील आकड्यांवरून नेहमीच्या गणिताने डोस काढू नये, तो कितीतरी अधिक येतो. खरा डोस काढण्यासाठी औषध बंद झाल्यानंतर काही आठवड्यांचे अंतर सोडून घेतलेले नमुने लागतात.

तोंडावाटे घेता येईल असे एक नवे औषध सध्या चाचण्यांत आहे. एचओपीओ 14-1 या नावाच्या या औषधाची मानवांवरील पहिली सुरक्षितता चाचणी 2023 मध्ये सुरू झाली. प्रयोगांत ते प्लुटोनियमबरोबर युरेनियम आणि नेप्च्युनियम यांनाही बांधताना दिसले आहे. ते मान्य झाले, तर अनेक रुग्ण एकाच वेळी येणाऱ्या प्रसंगात सुई आणि कुशल हात यांची गरज कमी होईल. तोपर्यंत साठ्यात डीटीपीएची दोन्ही रूपे, प्रशियन ब्लू आणि बायकार्बोनेट आहे का, त्यांच्या मुदती संपल्या नाहीत ना, आणि नमुन्यांच्या बाटल्या, नाकाचे बोळे व नावपट्ट्या त्याच कपाटात आहेत ना, हे ठराविक काळाने पाहत राहावे.